पावाच्या व्हॅनमध्ये मागे बसणारी

ती पांढरी व्हॅन अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. हलेल कशी? भाताच्या खाचराच्या बांधावर तिला मीच नेऊन चढवली होती. गणवेशात, ड्युटीवर, शेजारी महिला हवालदार बसलेली असताना. निवृत्त झाल्यापासून लोक विचारतात, साहेब, सगळ्यात भीतीदायक केस कोणती? त्यांना गोळीबार ऐकायचा असतो. मी पावाची गोष्ट काढली की त्यांचे चेहरे पडतात. शेवटापर्यंत ऐकलं की मात्र घरी जाताना गाडीची काच खाली करून जातात.

नावं कुणाचीच लिहीत नाही. माणसं हयात आहेत, आणि त्यांतली एक दोन अजून मला बाजारात भेटतात.

मी तेव्हा बदलापूरच्या एका ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. डिसेंबर महिना. बदलापूरची थंडी ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको; अंबरनाथहून बदली होऊन आलेला शिपाईसुद्धा पहिल्या आठवड्यात मफलर विकत घेतो. दुपारी सरकारी दवाखान्यातून निरोप आला की एक बेशुद्ध माणूस दाखल झालाय, बारवी धरणाच्या रस्त्यावर व्हॅनमध्ये सापडला. मोळ्या घेऊन येणाऱ्या बायकांनी पाहिला. व्हॅन रस्त्याच्या कडेला उतरून बंद पडलेली, काचा वर केलेल्या, आणि हा स्टिअरिंगवर डोकं टेकून. बायकांना वाटलं झोपलाय. एकीने काच वाजवली, तर म्हणे तो डोळे न उघडता हसला.

हा माणूस उल्हासनगरच्या एका बेकरीतून पाव, खारी, बटर उचलून बदलापूर, वांगणी आणि धरणाकडच्या हॉटेलांना पोचवायचा. सगळे त्याला पाववालाच म्हणत, तेव्हा मीही तेच म्हणतो. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं: कारण अस्पष्ट, विषबाधेची शक्यता. विषबाधा हा शब्द आला की पोलिसाचे कान टवकारतात. माझे तर जरा जास्तच.

संध्याकाळच्या आत त्याचा थोरला भाऊ अंबरनाथहून कारखान्याची शिफ्ट सोडून आला. हडकुळा, डोळे लाल, रडून की वेल्डिंगने ते कळेना. तो म्हणाला, धाकट्याची पहिली बायको आजारपणात गेली. तिची एक मुलगी आहे. मग त्याने बारवीकडच्या एका पाड्यावरची बाई केली. गेल्या महिन्यापासून त्याचं डोकं दुखतं, ओकाऱ्या होतात, आणि सगळ्यात वाईट म्हणजे तो मेलेल्या बायकोशी बोलतो.

"गाडीत मागे बसते म्हणतो, साहेब. पावाच्या क्रेटच्या मध्ये. गुणगुणत असते म्हणतो." भावाने आवाज खाली आणला. "आम्ही विहारात जाणारी माणसं. भगताच्या नादाला लागणारी नाही. ही पाड्यावरून आली आणि घरात पुड्या आल्या. डब्यात काहीतरी घालतेय ती."

मुलीला त्याने आधीच अंबरनाथला आपल्या घरी नेलं होतं. मी फिर्याद घेतली. तेवढ्यात ठाण्याचा फोन वाजला. पलीकडून दबका आवाज: पाववाल्याच्या बायकोला भगताकडून पुडी घेताना पाहिलंय, पिवळी पुडी, नाव विचारू नका. फोन बंद. मी खुर्चीत मागे रेललो. फिर्यादी एक, खबर देणारा दुसरा, दोघांचं म्हणणं एकच. आणखी काय पाहिजे? स्टेशन डायरीत नोंद करताना माझं अक्षर एरवीपेक्षा सुंदर आलं होतं, हे मला अजून आठवतं.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर मी, महिला हवालदार आणि एक शिपाई बदलापूर गावात तिच्या घरी गेलो. दोन खोल्या, शेणाने सारवलेलं अंगण, आतल्या भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली पहिल्या बायकोचा हार घातलेला फोटो. हार ताजा होता. तो रोज कोण घालतं, असं मी विचारलं. ती म्हणाली, मीच, दुसरं कोण आहे.

झडतीत पुडी निघाली. पिवळीच. ती म्हणाली, डोकं दुखतं म्हणून पाड्यावरच्या मावशीने मूळ उगाळून दिलंय, त्यांनी एकदाच खाल्लं, कडू लागलं म्हणून टाकलं. मी पुडी सील केली, पंचांच्या सह्या घेतल्या, डबा ताब्यात घेतला. आणि मग, वाचकहो, एक असा पराक्रम केला की पोलीस प्रशिक्षण केंद्रात शिकवावा. संशयित बाईने चहा पुढे केला आणि मी तो प्यायलो. शिपाईही प्यायला. हवालदार बाईंना दूध पचत नाही, त्या नको म्हणाल्या. चहा आल्याचा होता आणि चांगला होता, म्हणून मी अर्धा कप आणखी मागितला.

निघताना ती माझ्या मागे दारापर्यंत आली. "साहेब, ते घरी असले का बरे असतात. गाडीत गेले का व्हतं. मी सांगून दमले, कोणी ऐकत नाय."

मीही ऐकलं नाही.

व्हॅन अजून बारवी रस्त्यावरच उभी होती, एक होमगार्ड राखणीला. नियमाप्रमाणे ती टोचन लावून, म्हणजे दुसऱ्या गाडीने ओढत, आणायची, मग मोटार वाहन निरीक्षक तपासणार. पण टोचनवाला वांगणीला गेला होता आणि मला थंडीत उभं राहायचं नव्हतं. किल्ली फिरवली, गाडी चालू झाली. मी म्हणालो, चला, मीच नेतो. शिपाई मोटारसायकलवर मागून, हवालदार बाई माझ्या शेजारी. या व्हॅनचं इंजिन पुढच्या दोन सीटांच्या खाली असतं, त्यामुळे बूड छान शेकतं. त्या थंडीत मला ती सोय वाटली. धूळ उडत होती म्हणून काचा वर केल्या. मागे रिकामे क्रेट, आणि सगळ्या गाडीत व्हॅनिलाच्या इसेन्सचा, गोड, शिळा वास.

पहिल्या चढावर माझं कपाळ ठणकायला लागलं. दुसऱ्या वळणावर ऊन पिवळं झालं. म्हणजे ते पिवळंच होतं, पण मला वाटलं की ते गाडीच्या आतून बाहेर पडतंय. रस्त्याकडेची सागाची झाडं एकेक करून थांबायला लागली. गाडी चालत होती, झाडं मात्र थांबली होती. मग मला मागून गुणगुण ऐकू आली.

ऐकलेल्या भुताच्या गोष्टींमुळे असं वाटत असणार, असं मी स्वतःला बजावलं. हवालदार बाईंकडे पाहिलं. त्या समोर बघत होत्या आणि अगदी साध्या आवाजात कुणाला तरी उत्तर देत होत्या. "हो आई, आलेच. गॅस बंद करून येते." त्यांची आई कधीच वारलेली, हे मला ठाऊक होतं. तेराव्याला मी गेलो होतो.

मी आरशात पाहिलं. क्रेटच्या मध्ये माझे वडील बसले होते. ते जुन्या जमान्यातले हवालदार, खाकी अर्धी चड्डी, पट्टा, गुडघ्यावर हात. मला त्यांच्या गुडघ्यावरचा व्रणसुद्धा दिसला. त्यांनी माझ्याकडे नापसंतीने पाहिलं, जसं ते दहावीच्या निकालाच्या दिवशी पाहत होते, आणि विचारलं, "टोपी कुठाय तुझी?"

खरं सांगतो, भीती वाटली नाही. लाज वाटली. मी दोन्ही हातांनी डोकं चाचपलं. दोन्ही हातांनी. व्हॅन रस्ता सोडून उतरली, खाचरात शिरली, बांधावर चढली आणि थांबली. शिपायाने दार उघडून आम्हाला ओढून बाहेर काढलं. तो नंतर सगळ्या ठाण्याला सांगत होता की साहेब खाचरात उताणे पडून "सापडली, सापडली" म्हणत होते.

दवाखान्यात ऑक्सिजनची नळी लागली, तासाभरात डोकं हलकं झालं. आणि डोकं हलकं झाल्यावर त्यात पहिला विचार कोणता आला असेल? चहा. त्या बाईने चहात घातलं. मी पलंगावर उठून बसलो आणि वरिष्ठ निरीक्षकांना फोन केला की आरोपी निष्पन्न झाली आहे, प्रत्यक्ष तपासी अधिकाऱ्यावरच प्रयोग केलाय. ते म्हणाले, मग वाट कसली बघता? पण सूर्य मावळला होता, आणि सूर्यास्तानंतर बाईला अटक करता येत नाही. तो नियम ज्याने लिहिला त्याचे मी आज उपकार मानतो. त्या संध्याकाळी मात्र त्याला शिव्या दिल्या.

सकाळी तिला ठाण्यात आणलं. चौकशीच्या खोलीत मी, ती आणि हवालदार बाई. मी टेबलावर पुडी ठेवली, डबा ठेवला, भावाची फिर्याद वाचून दाखवली, निनावी फोनचं सांगितलं आणि शेवटी माझी आणि हवालदार बाईंची झालेली अवस्था सांगितली. वडिलांचा भाग गाळून. म्हणालो, खरं बोल, तुझंच भलं होईल. अटकेचा कागद माझ्या हाताखाली तयार होता.

ती रडली नाही. तिने लुगड्याचा पदर बोटाला गुंडाळला आणि म्हणाली, मला आत टाकायचं तर टाका. पण पोरीला असं सांगू नका का मी तिच्या बापाला मारायला निघाले. तिला एकदा आई गेलेली ठाव आहे. दुसऱ्यांदा अशी नको.

मग तिने विचारलं, "साहेब, माझा चहा कोणी कोणी पिला?"

मी म्हणालो, प्रश्न मी विचारतो. पण हवालदार बाई माझ्याकडे बघायला लागल्या होत्या.

"मी नाही प्यायले," त्या म्हणाल्या.

"तेच म्हणते ना," ती म्हणाली. "बाईंनी थेंब नाय घेतला, तरी त्या पडल्या. त्या शिपाईदादाने पिला, तो धडधाकट. साहेबांनी तर दीड कप पिला. जे गाडीत बसले ते पडले. जो गाडीत नव्हता तो नाय पडला. चहा कुठे आला यात?"

खोलीत पंखा बंद होता, डिसेंबर असल्यामुळे, नाहीतर त्याच्याकडे बघण्याचं निमित्त मिळालं असतं. दाराबाहेर शिपाई खुशाल शेंगदाणे खात उभा होता. मी अटकेचा कागद ड्रॉवरमध्ये सरकवला. हवालदार बाईंनी तिला पाणी दिलं.

मोटार वाहन निरीक्षक आले, ब्रेक, स्टिअरिंग, दिवे पाहिले आणि लिहून दिलं की यांत्रिक दोष आढळत नाही. त्यांनी गाडी उघड्यावर, दारं सताड उघडी ठेवून पाहिली होती. आमच्या सरकारी जीपचा मिस्त्री म्हणाला, साहेब, उल्हासनगरला कॅम्पात एक सिंधी मिस्त्री आहे, सगळे त्याला साई म्हणतात, तो गाडीचा ईसीजी काढतो. यावेळी मी टोचन लावूनच गाडी नेली.

साईंचं गॅरेज दवाखान्यासारखं स्वच्छ होतं. साई स्वतः गळ्यात दोरीला चष्मा अडकवलेले आणि तोंड बंद न होणारे. गेल्या गेल्या पाण्याबरोबर भाजलेला पापड आला. कालचा अनुभव ताजा असल्याने मी पापडाकडे नुसता पाहत राहिलो. साई म्हणाले, "खा साहेब, आमच्यात पापडाशिवाय पाणी देत नाहीत. जहर नहीं है." हवालदार बाईंनी माझ्या वाटणीचाही खाल्ला.

त्यांच्याकडे ऑसिलोस्कोप होता. छोट्या टीव्हीसारखा पडदा, त्यावर हिरवी रेघ, आणि तिच्या वायरी इंजिनाला लावायच्या. सिलेंडरमध्ये ठिणगी पडली की रेघ काट्यासारखी उभी उडते आणि मग काट्यामागे एक लहानसा ओटा दिसतो, ठिणगी जळत असते तेवढा. आमच्या व्हॅनचे काटे बुटके होते आणि ओटे लांब. चारही सिलेंडरचे सारखेच. साईंनी लगेच निकाल दिला, कॉइल गेली, ठिणगीत दम नाही. दुसरी कॉइल लावली. रेघ तीच. साई गप्प झाले. त्यांच्या माणसांनी हातातली कामं थांबवून वर पाहिलं, इतकी ती गोष्ट दुर्मिळ असावी.

"चुकलो," ते थोड्या वेळाने म्हणाले. "ठिणगीला दम लागतच नाही इथे. पेट्रोल इतकं जास्त जातंय ना, की झटकन पेटतंय. मिक्श्चर रिच आहे."

मग त्यांनी दुसरी वायर धुराच्या पाइपावरच्या ऑक्सिजन सेन्सरला लावली. हा सेन्सर जळून गेलेला धूर हुंगतो आणि गाडीच्या कॉम्प्युटरला सांगतो की पेट्रोल कमी पडलं की जास्त झालं. तब्येत ठीक असलेल्या गाडीत ही रेघ सतत वर खाली होते, माणसाची छाती श्वासाबरोबर होते तशी. आमची रेघ पडद्याच्या तळाशी आडवी पडली होती. इंजिन थरथरत होतं, क्रेट खडखडत होते आणि रेघ मेलेली. मी दवाखान्यात तशी रेघ पाहिली आहे. हवालदार बाईंनीही पाहिली असावी; त्या दोन पावलं मागे सरकल्या.

साई म्हणाले, "हे बघा साहेब, दोन साक्षीदार. आतली ठिणगी म्हणते, पोट फुटेस्तोवर खाल्लंय. बाहेरचा सेन्सर म्हणतो, उपाशी आहे, आणखी वाढा. कॉम्प्युटर बिचारा सेन्सरचं ऐकतोय आणि पेट्रोल ओततोय."

सेन्सर खोटारडा असेल तर बदला, मी म्हणालो. बदलला. नवा सेन्सरही तेच म्हणाला. तेव्हा साईंनी धूर आत कोंडावा म्हणून एका माणसाला धुराच्या नळकांड्यावर ओली गोणी दाबायला सांगितलं, बाकीच्यांना गप्प केलं आणि आम्हाला सीटजवळ कान न्यायला लावला. खालून आवाज आला. मंद, लयीत, तोंड मिटून कुणी बाई गुणगुणते तसा. हवालदार बाईंनी माझा दंड धरला. नोकरीत प्रेतं उचललेल्या बाई त्या.

"हाच," त्या म्हणाल्या. "साहेब, हाच आवाज."

साईंनी गाडी बंद केली. सीट उचलली. इंजिनाला लागून धूर बाहेर नेणाऱ्या लोखंडी पाइपाला, सेन्सरच्या अगोदर, केसाएवढा तडा गेला होता. इंजिन धूर ढकलतं तेव्हा त्या तड्यातून धूर बाहेर, आणि दोन ढकलण्यांच्या मधे बाहेरची ताजी हवा आत. सेन्सर ती ताजी हवा हुंगायचा आणि प्रामाणिकपणे सांगायचा की पेट्रोल कमी आहे. कॉम्प्युटर आणखी ओतायचा. अर्धवट जळलेल्या पेट्रोलचा धूर आणखी वाढायचा आणि त्याच तड्यातून सीटखाली यायचा. इंजिनावरच्या झाकणाची रबरी पट्टी कधीच झिजून गेली होती, तिथे पाववाल्याने गोणपाट कोंबलं होतं. पीयूसीच्या यंत्राची नळी तिथे धरली, तर आकडा चढतच गेला. कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नसतो. जो काही जळका वास असेल तो व्हॅनिलाखाली झाकला जायचा. डॉक्टरांनी नंतर समजावलं की हा गॅस मेंदूची हवा तोडतो, आणि मेंदू जाता जाता त्याच्याकडचं असेल नसेल ते बाहेर काढून दाखवतो. ज्याच्याकडे जे असेल ते.

राहिला निनावी फोन. तो नंबर काढला तर अंबरनाथच्या त्याच कारखान्यातल्या एका कामगाराचा निघाला. भावाला बोलावलं. त्याने लपवलं नाही. एकट्याच्या सांगण्यावर पोलीस हलणार नाहीत, असं त्याला वाटलं, म्हणून दोस्ताच्या फोनवरून आवाज बदलून तोच बोलला होता. पिवळी पुडी त्याने एकदा भावजयीच्या हातात पाहिली होती, भगत त्याने मनाने जोडला. त्याचा हेतू वाईट नव्हता. भावाला मरताना बघत होता आणि जे नाकाला लागलं ते सांगत होता. मीच एक आवाज दोनदा ऐकला आणि दोन साक्षीदार मोजले.

मुलगी त्याच दिवशी बदलापूरला परत आली. भाऊ स्वतः घेऊन आला आणि अंगणाबाहेरच उभा राहिला. भावजयीने त्याला आत या म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. एक पाट आणून बाहेर ठेवला.

गुन्हा गैरसमजातून दाखल झाला, असा अहवाल कोर्टाला पाठवायचा तर पाववाल्याचा जबाब हवा होता. तो शुद्धीवर आला होता. मी दवाखान्यात गेलो, बायको पायाशी बसलेली. मी त्याला सगळं सांगितलं: तडा, सेन्सर, गॅस. तुझ्या बायकोने काही केलं नाही, आणि गाडीत मागे कुणी नव्हतं, तो गॅस होता. मला वाटलं त्याला सुटल्यासारखं होईल.

तो म्हणाला, "म्हणजे ती येत नव्हती?"

मी म्हणालो, नाही. त्याचे डोळे भरून आले. एक महिना रोज सकाळी तो तिच्यासाठी काचा वर करून गाडीत बसायचा, हे तेव्हा मला उमगलं. त्याच्या बायकोलाही तेव्हाच उमगलं असावं. विषाच्या आरोपातून ती आत्ता कुठे सुटली होती, आणि तिच्यादेखत नवरा पहिलीसाठी रडत होता. ती उठली, माझ्याजवळ आली, आणि पंखा नसलेल्या त्या वॉर्डात कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, "येत व्हती म्हणा ना, साहेब. तुमचं काय जातंय?"

अडतीस वर्षं नोकरी केली, पण असा जबाब कसा लिहायचा ते मला कुणी शिकवलं नाही. मी त्याच्याजवळ वाकलो आणि म्हणालो, गॅस होता एवढं मी कागदावर लिहितो, कारण मला तेवढंच सिद्ध करता येतं. बाकीचं माझ्या हद्दीत येत नाही.

त्याने सही केली.

या केसने मला काय शिकवलं, असं तरुण अधिकारी विचारतात. एक तर हे, की प्रामाणिक माणूससुद्धा तड्याशेजारी बसला असेल तर चुकीचंच सांगेल, आणि त्याच्या सांगण्यावर आपण ओतत गेलो तर धूर वाढतो. दुसरं, आतल्या माणसाला विचारावं. त्या घरात काय चाललंय हे सगळ्यांत जास्त तिलाच माहीत होतं आणि तिने ते दारात उभं राहून मला सांगितलं होतं, फुकटात, चहासकट. मी ते ऐकायला उल्हासनगरपर्यंत जाऊन यंत्र लावलं.

वडिलांबद्दल मी अहवालात काही लिहिलं नाही. पण कधी कधी वाटतं, काचा वर केल्या होत्या तेवढ्यात त्यांच्याशी एखादं वाक्य नीट बोलून घ्यायला हवं होतं.